बारा तारखेची नोंद

कार्ड शनिवारच्या टपालात आलं. मी ते दारातच उभा राहून वाचलं आणि दार लावायचं राहून गेलं. थंडी घरात शिरायला लागली तेव्हा अर्डिस स्वयंपाकघरातून म्हणाली, "वेन्डेल, सगळं डुलुथ आपल्याच भट्टीवर गरम करायचंय का?" मी दार लावलं. साधं पोस्टकार्ड होतं. आर्वो कांगासचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. 'मिस्टर टोर्विक, आमच्या खारीचा पराक्रम ऐका. नऊ तारखेला सकाळी यंत्र गप्प. शेडमध्ये जाऊन बघतो तर कॉइलच्या बादलीत बाईंनी संसार मांडलेला. तारेवरचं कापड कुरतडून गादी केलेली. सगळी तार पुन्हा गुंडाळली, पंधरा तारखेला चालू केलं. म्हणजे सहा दिवस मी जगात नव्हतो. तुमचं जानेवारीतलं पत्र अजून फ्रिजच्या दारावर आहे. बहीण म्हणते, आता काढ. मी काढत नाही.' एवढंच. मी ते पुन्हा एकदा वाचलं, मग तळघरात उतरलो, टेबलावरचा दिवा लावला आणि वही उघडली. वहीत काय असणार ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच मला कळलं होतं. तरी पाहिलं. बारा फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ए के. मंद, पण स्पष्ट. सात मिनिटं. खाली माझी सही.

ए के म्हणजे आर्वो कांगास, सरोवरापलीकडच्या कॅल्युमेटचा. आमच्यात प्रत्येकाने आपली दोन-तीन अक्षरं स्वतःच निवडलेली असतात, कारण ती देणारं कोणी नाही. रेडिओच्या पट्टीच्या अगदी तळाला, जिथे कुठलंही गाण्याचं किंवा बातम्यांचं स्टेशन नसतं, तिथे थोडी जागा सरकारने मोकळी ठेवली आहे. वीज एक वॅट, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या साठाव्या हिश्श्याइतकी. तार पंधरा मीटर, आकाशाकडे गेलेली आणि खाली जमिनीपर्यंत आलेली धरून. एवढ्यात बसलात तर परवाना लागत नाही, परीक्षा लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. मी आयुष्यभर सगळं विचारून केलं. एकतीस वर्षं वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहिली, तीही प्रत्येक शंका वरिष्ठांना विचारून. निवृत्त झाल्यावर या मोकळ्या जागेबद्दल वाचलं तेव्हा प्रथम मला वाटलं, आपल्याला हे नीट समजलेलं नाही. मी तो नियम चार वेळा वाचला. मग चर्चच्या स्वयंपाकघरातून लोणच्याच्या काकड्यांची रिकामी प्लॅस्टिकची बादली मागून आणली आणि तिच्यावर तार गुंडाळायला बसलो. एवढ्या आखूड तारेतून एवढी लांब लाट जायची तर मध्ये मोठं वेटोळं लागतं, आणि ते विकत मिळत नाही. तीनशे दहा वेढे झाले. मोजताना दोनदा चुकलो, दोनदा सोडवलं. त्या बादलीला अजूनही व्हिनेगरचा वास येतो, दमट हवेत जास्त. माझी अक्षरं डब्ल्यू टी. ती तारायंत्राच्या टिक-टाऽ लिपीत दिवसरात्र, मी झोपलेलो असतानाही, डुलुथच्या टेकडीवरून कोणीतरी ऐकेल म्हणून जात असतात. बहुधा कोणी ऐकत नाही. आम्ही सगळे मिळून दीडेकशे असू, देशभर विखुरलेले, आणि आमचं एक चार पानी मासिक आहे. ते ओहायोतून क्लिफर्ड बेंडर नावाचे एक गृहस्थ काढतात. त्यात कोणी कोणाला ऐकलं याची यादी असते. बाकी फारसं काही नसतं.

मी खुर्चीत बसून बारा तारखेची ती दुपार आठवायला लागलो. ती आठवली हीच भीतीची गोष्ट होती. विसरलो असतो तर बरं झालं असतं. तळघरात थंडी होती, पायांत लोकरीचे दोन-दोन मोजे होते, कानांवरचे हेडफोन मात्र गरम झाले होते आणि त्यांच्या रबराचा वास येत होता. भट्टी नुकतीच थांबली होती. गोंगाट होता, नेहमीचा, तव्यावर काहीतरी सतत भाजत असावं तसा. आणि त्याच्या तळाशी, पाण्याखाली ठेवलेल्या घड्याळासारखं, टिक टाऽ, टाऽ टिक टाऽ. ए के. पुन्हा ए के. मला झालेला आनंदही आठवला. मी पेन्सिल उचलली तेही. मग मी आठ तारखेचा आवाज आठवला, जो खरा होता, कारण आठ तारखेला खार अजून यायची होती. मी दोन्ही आवाज मनात शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. एकतीस वर्षं मी एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या अशाच शेजारी ठेवून पाहत असे, आणि कुठेतरी फरक सापडायचाच, एखादं पान कमी, एखादं नाव वेगळं. या दोघांत फरक नव्हता. एक आवाज दीडशे मैलांवरून, गोठलेल्या सरोवरावरून आला होता आणि दुसरा आलाच नव्हता. मग आठ तारखेचा तरी आला होता का? तीनचा? पाचचा? जानेवारीतला तो पहिला, ज्याचं पत्र त्याच्या फ्रिजच्या दारावर आहे? वही अकरा वर्षांची होती. मी ती बंद केली आणि तिच्यावर हात ठेवून बसलो. जणू ती आपोआप उघडली असती.

खरं म्हणजे मामला एवढाच असता तर मी गप्प बसलो असतो. पण तीन, पाच, आठ आणि बारा या चारही तारखा मी बेंडरना पाठवून दिल्या होत्या. मार्चच्या अंकात त्या छापून येणार होत्या. भर दिवसा, एक वॅटवर, दीडशे मैल. बेंडरनी उलट टपाली लिहिलं होतं की ही बातमी पहिल्या पानावर जाईल. आर्वो तो अंक उघडणार, बहिणीला दाखवायला जाणार, आणि त्याचं बोट बारा तारखेवर थांबणार. मग तो काय विचार करेल ते मला दिसत होतं. तो काही बोलणार नाही. फिनिश माणूस आहे. फक्त एक दिवस फ्रिजचं दार रिकामं होईल.

मी नऊ वर्षांचा असताना वडील खनिज वाहणाऱ्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. नोव्हेंबरमधली फेरी शेवटची असायची, आणि त्या महिन्यात सरोवर कसं असतं ते आमच्या गल्लीत लहान पोरांनाही ठाऊक होतं. बोट कालव्यात शिरताना पुलाला सलामी द्यायची. तीन लांब शिट्ट्या, दोन आखूड. प्रत्येक बोटीचा आवाज वेगळा. वडिलांच्या बोटीचा जरा घसा बसल्यासारखा होता. त्या वर्षी बोट दोन दिवस उशिरा होती आणि आई काही बोलत नव्हती. मी खिडकीशी बसलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. मला ऐकू आली. तीन लांब, दोन आखूड, घसा बसलेली. मी धावत जाऊन आईला सांगितलं. तिने हात पुसले, टेबलावर तिसरी ताटली मांडली, मटार-हॅमचं सूप पुन्हा गरम केलं, केस सारखे केले. आम्ही बसलो. सूपवर साय धरली. तिने ते आणखी एकदा गरम केलं. पाच वाजता ती उठली आणि तिसरी ताटली फडताळात ठेवली. मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुला ऐकायची होती ना, म्हणून ऐकू आली." वडील तिसऱ्या दिवशी सकाळी आले, मिशीला बर्फ, हातात संत्र्यांची पिशवी. सगळं ठीकच होतं. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला काही ऐकू आलं की मी आधी इतरांच्या चेहऱ्याकडे बघतो. लग्नात पाद्रीसाहेबांनी मला प्रश्न विचारला तेव्हाही मी आधी अर्डिसकडे पाहिलं होतं. ती अजून ते लोकांना सांगते.

रात्रीच्या जेवणाला ओव्हनमध्ये थर लावून भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश होतं. मी काट्याने त्याचे चौकोन करत बसलो. अर्डिस थोडा वेळ बघत राहिली. "कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मग असं जेवण मांडून मोजणी का चाललीय? आणि कार्डात काय होतं?"

"खार," मी म्हटलं. "आर्वो कांगासच्या बादलीत खार शिरली."

"मेली?"

"नाही. तसं काही लिहिलेलं नाही."

"मग खारीसाठी तू जेवत नाहीयेस, असं दिसत नाही," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. तिची पद्धत आहे ती. चाळीस वर्षं तिने शाळेत पोरांना वाचायला शिकवलं. ज्याला अडखळायचं आहे त्याला ती अडखळू देते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चर्चला निघण्याआधी मी तळघरात गेलो आणि खोडरबर शोधलं. एवढं मला सांगितलंच पाहिजे. वाचनालयात असताना मी खोडरबर वापरत नसे. चुकलेल्या कार्डावर एक बारीक रेघ मारून वर दुरुस्ती लिहायची आणि आद्याक्षरं टाकायची, असा आमचा रिवाज होता, म्हणजे पुढच्याला कळावं की इथे कोणीतरी चुकलं होतं आणि कोण ते. पण खोडरबर टेबलाच्या खणात होतं. बाराची सात करणं सोपं होतं. बेंडरना चार ओळी लिहायच्या, वय झालं, तारीख उतरवताना चूक झाली. कोणाचंही काही बिघडत नव्हतं. उलट आर्वोचं पहिलं पान शाबूत राहत होतं. मी 'बारा' हा आकडा खोडला. कागदावर एक मऊ, पांढुरका डाग उरला आणि त्यात जुना आकडा नीट दिसत होता, बर्फाखालच्या वाटेसारखा. आणि मग मला आठवलं की त्या बारा तारखेला सकाळी काय झालं होतं. त्या सकाळी वाचनालयाचं पत्र आलं होतं. नवा संगणक येत आहे, कार्डांची कपाटं उन्हाळ्यात हलवली जातील, जुन्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाला आठवण म्हणून एखादा खण हवा असल्यास कळवावे. मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं होतं आणि दुपारी खाली येऊन हेडफोन चढवले होते. म्हणजे त्या दिवशी मला काहीतरी ऐकू यायलाच हवं होतं. कोणीतरी, कुठूनतरी. हे कळलं आणि मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. कारण अकरा वर्षांतला असा कोणता दिवस होता जेव्हा मला काहीतरी ऐकू यायला नको होतं?

चर्चमध्ये मी उपदेश ऐकला नाही. खाली कॉफीला थांबलो तेव्हा अर्डिसने मला कोपऱ्यात घेतलं. "तू वहीत खोडलंयस," ती म्हणाली. "मी बरण्या आणायला खाली गेले होते. वही उघडी होती."

मग मी सांगितलं. सगळं, कॉफीचा कप हातात धरून, इतक्या हळू की तिला दोनदा वाकावं लागलं. शिट्टीचं सांगितलं नाही. ते तिला माहीत होतं. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे तुला एकदा भास झाला."

"एकदाच झाला हे कशावरून?"

"ते मला नाही सांगता येणार. त्या माणसाला विचार."

"त्याला काय विचारू? मिस्टर कांगास, तुमचं फ्रिजवरचं पत्र खरं आहे का?"

"हो," अर्डिस म्हणाली. "अगदी तसंच विचार. आज रविवार आहे, दूरचा फोन स्वस्त आहे." आणि घरी आल्यावर कोट न काढता तिने स्वतःच चौकशीला फोन करून कॅल्युमेटमधल्या कांगासांचा नंबर घेतला, फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. फोनवर बोलणं मला अवघड जातं. समोरचा चेहरा दिसत नाही.

आम्ही चार वर्षं पत्रं लिहीत होतो, पण आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं तो खोल, जाड असेल. पातळ निघाला, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी थोडी शांतता. मी नाव सांगितलं. "टोर्विक," तो म्हणाला. "डब्ल्यू टी. काय झालं, तुमच्याही बादलीत खार शिरली का?"

मी म्हटलं, "मिस्टर कांगास, मला एक गोष्ट कबूल करायची आहे," आणि मग पाठ केलेलं भाषण विसरलो. जे तोंडाला आलं ते बोललो. बारा तारीख, दोन वाजून दहा मिनिटं, मंद पण स्पष्ट. बेंडर, पहिलं पान. खोडरबराचंही सांगितलं. पलीकडे मागे कुठेतरी बाई फिनिशमध्ये काहीतरी विचारत होती.

"सात मिनिटं?" तो शेवटी म्हणाला.

"हो. सात."

"मी चाळीस ऐकलं होतं," आर्वो म्हणाला. "एकोणऐंशी साली. विस्कॉन्सिनचा एक जण होता, त्याला. चाळीस मिनिटं ऐकलं, तीन पानी पत्र लिहिलं, पाकिटाला तिकीट लावलं, आणि मग सामान आवरताना बघतो तर माझ्या ॲन्टेनाची तार रेडिओला जोडलेलीच नव्हती. टेबलाखाली लोंबत होती. मांजर तिच्याशी खेळत होतं."

मी विचारलं, "मग पत्राचं काय केलंत?"

"पाठवलं," तो म्हणाला. "तिकीट लावलं होतं ना."

अर्डिस बाजूला उभी होती. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिने कोट काढायला सुरुवात केली.

"आजवर कोणाला सांगितलं नव्हतं," आर्वो म्हणाला. "बहिणीलाही नाही. आता तिने ऐकलं, ती इथेच उभी आहे. हं, ती म्हणते, मला आश्चर्य वाटत नाही. ऐका, टोर्विक, माझ्या आजोबांनी इथल्या जमिनीतून तांबं काढलं, वडिलांनी काढलं, मी अंगणात तेच तांबं तारा करून परत पुरतोय आणि एक वॅट वर सोडतोय. कोणीतरी ऐकतंय हे मला खरंखुरं हवंय. फ्रिजसाठी नको. आपण तपासू या. सात मार्चला, शनिवारी. तुमच्या घड्याळाने, आमचं एक तास पुढे आहे, सकाळी आठ ते दुपारी चार. दर अर्ध्या तासाला मी नाणं उडवीन. छापा पडला तर चालू, काटा पडला तर बंद. सोळा वेळा. तुम्ही बसा आणि लिहा, आहे किंवा नाही. सोमवारी दोघांनी आपापला कागद टपालात टाकायचा. फोन नाही करायचा, नाहीतर तुम्ही माझ्या आवाजावरून ओळखाल."

"आणि जमलं नाही तर?"

"तर ते पत्र मी काढीन," तो म्हणाला. "आणि दोघंही दुसरा काहीतरी छंद बघू. माझी बहीण विणते. आणि ते मिस्टर कांगास सोड आता. ज्याला माझं मांजर ठाऊक असतं त्याला मी मिस्टर म्हणत नाही, आणि त्यानेही म्हणू नये."

मी त्याच संध्याकाळी बेंडरना लिहिलं की बातमी एक महिना थांबवावी, बारा तारीख चुकीची आहे, बाकीच्या तपासतो आहे. वहीत त्या पांढऱ्या डागावर पुन्हा बारा लिहिलं, एक बारीक रेघ मारली, वर 'ऐकू आलं नव्हतं' असं लिहिलं आणि आद्याक्षरं टाकली. मग दोन आठवडे मी हेडफोनला हात लावला नाही. ऐकून-ऐकून कान आणखी बिघडतील असं काहीतरी वाटत होतं. त्याऐवजी मी ऐकण्याच्या ॲन्टेनाची लाकडी चौकट पुसली. ती दारापेक्षा थोडी लहान आहे, फुलीसारखी, तिच्यावर तार गुंडाळलेली, आणि ती खुंटीवर फिरते. हवी त्या दिशेला वळवली की नको त्या दिशेचा गोंगाट मरतो. शेजारच्या मिसेस लिंडग्रेनच्या विजेच्या गोधडीचा गोंगाट मी असाच मारला होता. ती गोधडी कुठे आहे हे शोधायला मला तीन आठवडे लागले होते आणि मिसेस लिंडग्रेनना ते समजावून सांगायला त्याहून जास्त.

सात मार्चला आकाश ढगाळ होतं आणि वारा नव्हता. अर्डिसने जिन्याच्या तोंडाशी थर्मास ठेवला, भट्टी बंद केली, आणि स्वतः कोट घालून वर विणत बसली. रेडिओत विजेची खरखर नको म्हणून घरातला कुठलाही दिवा लावायचा नाही असं तिनेच ठरवलं होतं. आठला मी हेडफोन चढवले. गोंगाट. मग दोन-तीन मिनिटांत, हळूच, टिक टाऽ, टाऽ टिक टाऽ. मी 'आहे' लिहिलं आणि लगेच घाबरलो. हे तर बारा तारखेसारखंच होतं. मला हवं होतं, आणि ते होतं. साडेआठला पुन्हा तेच. ए के, मंद. मी लिहिणार होतो, पण हात थांबला. वर अर्डिसच्या सुया वाजत होत्या. आणि का कोण जाणे, मी मनात दुसरी अक्षरं म्हणून पाहिली. बी एल. कोणाचीही नाहीत ती. टाऽ टिक टिक टिक, टिक टाऽ टिक टिक. मी ती तालात म्हटली, आणि थोड्या वेळाने गोंगाट ती म्हणायला लागला. बी एल. अगदी स्पष्ट. मी एम एन म्हटलं, तो एम एन म्हणाला. मी माझीच अक्षरं म्हटली, त्याने तीही म्हटली. जे मागेन ते तो देत होता, भीड न मोडणाऱ्या माणसासारखा. माझ्यासारखाच. मला हसू आलं. मी 'नाही' लिहिलं.

नऊला पुन्हा ए के आलं. मी बी एल म्हटलं. ए के. मी जोर लावून, दात आवळून बी एल म्हटलं. ते खाली आपलं टाऽ टिक टाऽ करत राहिलं. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी काय म्हणतो, मला काय हवं, आज सकाळी कुठलं पत्र आलं, त्याला काही फरक पडत नव्हता. ते दीडशे मैलांवर एका शेडमध्ये, नव्याने गुंडाळलेल्या बादलीतून निघत होतं आणि मी नसतो तरी निघालं असतं. हे शब्दांत सांगताना रूक्ष वाटतं. पण त्या थंड तळघरात माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ओला कोट उतरावा तसं. मी 'आहे' लिहिलं, आणि या वेळी कोणाच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटलं नाही. मग चार वाजेपर्यंत मी तसंच केलं. आधी गोंगाटाला काहीतरी खोटं मागायचं, मग बघायचं, कोण ऐकतं आणि कोण ऐकत नाही. जे ऐकत नाही ते खरं. बारा तारखेला मी मागितलं होतं आणि त्याने दिलं होतं, एवढंच झालं होतं. गोंगाटाचा त्यात दोष नव्हता. माझाही फार नसावा. खिडकीशी बसलेल्या नऊ वर्षांच्या पोराचाही नसावा, असंही मनात येऊन गेलं, पण ते मी तिथेच सोडलं, कारण साडेबाराचं चुकत होतं.

आर्वोचा कागद गुरुवारी आला. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. तळघरात जी खात्री होती ती पाच दिवसांत झिरपून गेली होती. अर्डिसने पाकीट उचललं, पाव कापायच्या सुरीने फाडलं, चष्मा लावला. "तुझा कागद घे. मी वाचते. आठ: चालू."

"चालू."

"साडेआठ: बंद."

मी नुसती मान हलवली.

"वेन्डेल, तोंडाने बोल. मला तुझ्या मानेवर भरवसा नाही. नऊ: चालू. साडेनऊ: चालू. दहा: बंद." ती शाळेत शब्द सांगते तशा आवाजात वाचत गेली. माझ्या कागदावर माझं बोट खाली सरकत होतं. अकरा, साडेअकरा, बारा. "साडेबारा: चालू."

"मी नाही लिहिलंय," मी म्हटलं.

ती चष्म्यावरून बघत थांबली. "साडेबारापर्यंत माझे कान थकले होते," मी म्हटलं. "त्यात तू सूपसाठी हाक मारलीस. ते होतं, आणि मला ऐकू आलं नाही."

"म्हणजे असलेलं तुला ऐकू आलं नाही."

"हो."

"ते काय, माझ्या ओळखीचंच आहे," अर्डिस म्हणाली आणि पुढे वाचायला लागली. एक, दीड, दोन. शेवटपर्यंत पुन्हा चूक नव्हती. सोळापैकी पंधरा. सात वेळा बंद, आणि सातही वेळा माझ्या कागदावर 'नाही'. मी त्या सात ओळींकडे बघत राहिलो. अकरा वर्षांच्या वहीत मी 'नाही' कधी लिहिलंच नव्हतं. ज्या दिवशी काही ऐकू यायचं नाही त्या दिवशी मी वही उघडतच नसे. पुढच्या आठवड्यात आर्वोचं कार्ड आलं: 'वेन्डेल, तुझा कागद आला. साडेबाराला माझं सगळं व्यवस्थित चालू होतं, बहिणीने शपथेवर सांगितलंय, तेव्हा ती चूक तुझी. जानेवारीचं पत्र फ्रिजवरून काढलं. त्या जागी तुझा कागद लावला. यात जास्त 'नाही' आहेत, त्यामुळे जास्त बरा दिसतो.'

मार्चच्या शेवटी कालव्यातला बर्फ फुटला. मोसमातली पहिली बोट यायची असते तेव्हा आमच्या टेकडीवरचे लोक दोन दिवस आधीपासून कान देऊन असतात. कोणी कबूल करत नाही. वाचनालयाला मी कळवलं की एक खण मला चालेल, टी अक्षराचा, रिकामा असला तरी. आता सकाळी न्याहारीच्या आधी मी पंधरा मिनिटं खाली बसतो. बोटीची वाट चाललेल्या त्या दिवसांत एका सकाळी काही नव्हतं. वहीत तारीख घातली, 'नाही' लिहिलं, वर आलो, अंडं आणि टोस्ट घेऊन बसलो. अर्डिसने सिंकवरची खिडकी वर सरकवली आणि टॉवेल हातात धरून थांबली.

"वाजली ना आत्ता?" ती म्हणाली. "तीन लांब?"

मी टोस्ट खाली ठेवला आणि ऐकलं. थेंब गळत होते, खाली गाड्या जात होत्या, मिसेस लिंडग्रेनच्या पन्हाळीतून पाणी वाहत होतं. मी मनात तीन लांब म्हटलं, दोन आखूड म्हटलं. खिडकीतून लगेच, मागितल्याप्रमाणे, तीन लांब आणि दोन आखूड आले.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

ती माझ्याकडे जरा बघत राहिली. मग तिने टॉवेल खांद्यावर टाकला, खुर्ची ओढली आणि समोर बसली. खिडकी मात्र तिने उघडीच ठेवली.